आमच्या गच्चीवरची तार

आष्टीला आमच्या घरी येणारा पाहुणा चहाचा कप हातात घेतला की हमखास विचारतो, "गच्चीवर ही तार कशाची हो?" कपडे वाळत घालायची म्हणावी तर फार उंच. टीव्हीच्या केबलची म्हणावी तर मधोमध तोडलेली. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी, मध्ये प्लास्टिकचा एक तुकडा आणि तिथून खाली खोलीत उतरणारी काळी केबल. बहुतेकांना वाटतं, विजेपासून बचावाचं काहीतरी असावं. ही आमच्या हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी केंद्राची अँटेना आहे, असं सांगितलं की पाहुणा कप खाली ठेवतो आणि दुसरा प्रश्न थोड्या हळू आवाजात विचारतो, "याला परवानगी असते का?"

हा दुसरा प्रश्न आम्हाला नवा नाही. तो आमच्याच घरात सगळ्यांत आधी विचारला गेला होता. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे सविस्तर लिहितो.

आम्ही नवरा-बायको दोघंही आष्टीचेच. एकाचं मोटार वाइंडिंगचं दुकान, दुसरीचं घरी शिवणकाम. संत्र्याच्या बागांचे पंप जळले की लोक दुकानात येतात, त्यामुळे तांब्याची तार, सोल्डर आणि मीटर यांची आम्हाला लहानपणापासून सवय. काही वर्षांपूर्वी नागपूरचे एक निवृत्त शिक्षक आपल्या शेतातला पंप घेऊन आले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की ते घरी बसून, मोबाइल आणि इंटरनेटशिवाय, केरळपासून जपानपर्यंतच्या लोकांशी बोलतात. आम्हाला आधी थट्टाच वाटली. पुढच्या वेळी ते छोटा सेट सोबत घेऊन आले, दुकानामागच्या कडुलिंबाला तार बांधली आणि पाच मिनिटांत हैदराबादचा माणूस त्यांना नावाने हाक मारू लागला. त्या दिवसापासून आम्ही त्यांचे शागीर्द.

हौशी रेडिओ म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत असं. पोलीस, विमान, आकाशवाणी यांना जशा ठरावीक लहरी दिलेल्या आहेत, तशा काही लहरी जगभरात शिकण्यासाठी, प्रयोगासाठी आणि अडीअडचणीत मदत करण्यासाठी सामान्य नागरिकांकरता राखून ठेवल्या आहेत. त्या वापरायच्या तर सरकारी परीक्षा द्यावी लागते. भारतात हे काम केंद्रीय दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा बघते. बारा वर्षं पूर्ण झालेला कोणीही भारतीय नागरिक परीक्षेला बसू शकतो. परीक्षेचे दोन दर्जे आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला विजेची आणि रेडिओची मूलतत्त्वं आणि नियम येत असले की झालं. जनरल ग्रेडला त्यासोबत मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स, म्हणजे 'डिट-डा'ची भाषा, पाठवता आणि ऐकता यावी लागते. पास झाल्यावर परवाना मिळतो आणि त्यासोबत जगात दुसऱ्या कोणाचंही नसलेलं एक नाव मिळतं, ज्याला कॉल साइन म्हणतात. आपल्याकडे ते सहसा व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतं. या छंदात मोठ्या माणसांनीही नावं कमावली. जॉर्डनचे बादशाह हुसैन यांचं कॉल साइन जेवाय१ होतं आणि ते अनोळखी हौशी लोकांशी साध्या माणसासारखे गप्पा मारत. आपले राजीव गांधी व्हीयू२आरजी होते.

परवान्याचा फॉर्म आला तेव्हा घरात चर्चा सुरू झाली. अम्मींना काळजी खर्चाची होती, पण भाऊजींची काळजी वेगळी होती. ते म्हणाले, "दिवस कसे आहेत ते बघा. आपल्या घरावर अँटेना, घरात वायरलेस, त्यावर रात्री-बेरात्री बाहेरच्या लोकांशी बोलणं. उद्या कोणी काही उठवलं तर खुलासा करत कुठे कुठे फिरणार?" खोलीत कोणी बोललं नाही. भाऊजी चुकीचं बोलत नव्हते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आपल्या घरांत मुलांचे किती तरी छंद अशा एका वाक्यावर थांबलेले आहेत. "कशाला उगाच" हे आपलं फार जुनं वाक्य आहे.

आम्ही दोघांनी त्यावर बरेच दिवस विचार केला. नियमांचं पुस्तक नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं की भाऊजींच्या भीतीचं उत्तर त्या पुस्तकातच आहे. हौशी रेडिओवर गुपित असं काही ठेवताच येत नाही. सांकेतिक भाषा चालत नाही, बोलणं साध्या भाषेत करावं लागतं. प्रत्येक संभाषणात आपलं कॉल साइन सांगावं लागतं. धंद्याचं बोलायचं नाही. कोणाशी, कधी, कोणत्या लहरीवर बोललो हे वहीत लिहून ठेवायचं. आणि जे बोलतो ते ज्याच्याकडे तसा रेडिओ आहे तो कोणीही ऐकू शकतो. लपवायचं ज्याच्या मनात असेल तो या रस्त्याने जाणारच नाही.

मग आम्ही ठरवलं की एकही पायरी गाळायची नाही. आधी परीक्षा, मग परवाना, मग सेट. बाजारात स्वस्त वॉकी-टॉकी सहज मिळतात आणि घेणारे घेतातही, पण परवाना लागणारा सेट परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. परवाना हाती आल्यावर त्याची एक प्रत आम्ही स्वतः होऊन पोलीस ठाण्यात दिली, एक फ्रेम करून भिंतीवर लावली आणि मोहल्ल्यातल्या चार जाणत्या लोकांना, त्यात शेजारचे गुरुजी आणि समोरचे किराणावाले काका, घरी बोलावून सेट दाखवला. गुरुजींनी तासभर ऐकलं. त्यांचा मुलगा विशाखापट्टणमला नोकरीला आहे. तिकडचा एक माणूस हवेत भेटला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे कोणी तारेबद्दल विचारलं की आमच्या आधी गुरुजीच उत्तर देतात. परवाना आमच्यापैकी एकाच्या नावावर आहे, म्हणून माइक त्याच्याच हातात असतो. बाकीचं घर ऐकतं.

रेडिओचं आणि आष्टीचं नातं मात्र आमच्या या तारेपेक्षा कितीतरी जुनं आहे, हे आम्हाला या छंदात पडल्यावरच कळलं.

१६ ऑगस्ट १९४२ ला 'चले जाव'च्या लाटेत इथल्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले. गोळीबार झाला. गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले लोक शहीद झाले. ठाण्यातले पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही तसंच घडलं. तेव्हापासून आमच्या गावाला 'आष्टी शहीद' म्हणतात. हुतात्म्यांच्या नावांत डॉ. गोविंद मालपे आहेत, तसेच नवाब रशीद खानही आहेत. जहांगीरच्या काळातले सरदार मोहम्मद खान नियाझी यांचा मकबरा या गावात आहे. त्या मातीत शेतकरी, डॉक्टर, आदिवासी आणि पठाण एकाच दिवशी पडले.

त्यानंतर गावावर जे गुदरलं त्याची खबर बाहेर जाऊ नये असा सरकारचा बंदोबस्त होता. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. अशा वेळी मुंबईत बावीस वर्षांची एक मुलगी, उषा मेहता, आणि तिचे काही साथीदार 'काँग्रेस रेडिओ' नावाचं गुप्त केंद्र चालवत होते. त्याची सुरुवात इक्बालच्या 'हिंदोस्ताँ हमारा'ने होई आणि शेवट 'वंदे मातरम्'ने. बोलणाऱ्यांत राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन आणि मोइनुद्दीन हॅरिस होते. आष्टी आणि चिमूरच्या लोकांवर झालेल्या अत्याचारांची हकीकत या केंद्राने देशाला ऐकवली. ज्या गावात तेव्हा रेडिओचे सेट बोटावर मोजण्याइतके असतील, त्या गावाचं दुःख रेडिओच्या लहरीवरून बाहेर पडलं.

ते यंत्र उभं करणारा नरिमन प्रिंटर हा हौशी रेडिओवाला होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसं सरकारने हौशी लोकांना आपले ट्रान्समीटर जमा करायला लावले होते. प्रिंटरकडे मात्र विद्या होती आणि ती जमा करता येत नाही. केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला ते पकडलं गेलं. पकडणाऱ्यांना तिथवर नेलं ते प्रिंटरनेच. तो आधी पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्यांना फितूर झाला. उषाबेनना चार वर्षांची आणि त्यांचे साथीदार बाबूभाई खाखर यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. उषाबेननी पोलिसांना एक शब्द सांगितला नाही. ज्याच्या हाताने सगळं जोडलं तोच डगमगला आणि एक विद्यार्थिनी मात्र टिकून राहिली. आमच्या घरात मुलं ही हकीकत वारंवार विचारतात आणि प्रिंटरचं काय झालं असावं यावर भांडतात.

आता लहरीची गंमत बघा. काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरच्या लहरीवर होता. नागपूरच्या सरांनी एकदा वहीवर हिशोब करून दाखवला. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागलं की ७.०८ मेगाहर्ट्झ येतं. आज भारतात हौशी लोकांसाठी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे, ज्याला आम्ही फोर्टी मीटर म्हणतो. म्हणजे आष्टीची खबर ज्या लहरीवरून गेली तीच लहर आज आम्हाला परवान्यासह वापरायला मिळते. त्या लहरीला लागणारी तार साधारण वीस मीटर लांब, दहा-दहा मीटरचे दोन पंख. आमच्या गच्चीवर आहे ती हीच. तेव्हा लपून बोलावं लागत होतं, आता नाव सांगून बोलतो, एवढाच फरक.

पण नुसत्या इतिहासासाठी किंवा गप्पांसाठी हा खर्च आणि ही खटपट केली असती का? खरं सांगायचं तर नसती केली. आम्हाला मोवाडची आठवण होती.

अम्मींचं माहेर जलालखेड्याचं. तिथून मोवाड जवळ. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर मोवाडमध्ये शिरला आणि २०४ माणसं गेली. गाव पुढे दुसरीकडे वसवावं लागलं. अम्मी सांगतात की तीन दिवस त्यांना आपल्या बहिणीच्या घरची काहीच खबर नव्हती. रस्ता बंद, फोन बंद, आणि जो येई तो वेगळंच सांगे. कोणी म्हणे मोहल्लाच गेला, कोणी म्हणे सगळे टेकडीवर आहेत. खाला सुखरूप होत्या. पण ते तीन दिवस अम्मींच्या बोलण्यात आजही येतात. आता नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. पावसाळ्यात त्याचे तेरा दरवाजे उघडले की काठच्या गावांना इशारा मिळतो, मोबाइलवर निरोप येतो. पण मोबाइलचा टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरीवर काही तास, मग तोही गप्प.

आणि संकट नदीतूनच येतं असंही नाही. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली तेव्हा आसपासच्या खेड्यांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी अंधारात घराबाहेर पडली. अशा रात्री प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते: आपलं माणूस कुठे आहे, हे कोणीतरी खात्रीने सांगावं.

हे काम हौशी लोकांनी मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात ते आपले सेट घेऊन पोचले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या बाई आपल्या साथीदारांसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. खूप वर्षांनी अंदमानातून हौशी प्रक्षेपणाला परवानगी मिळाली होती आणि त्या छंदासाठीच तिथे गेल्या होत्या. जमीन हादरली, फोन बंद झाले. त्यांनी सेट पुन्हा चालू केला आणि बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवण्याचं काम सुरू केलं. आदल्या दिवशीपर्यंत जो खेळ होता त्याचं दुसऱ्या दिवशी असं काम झालं.

आमचा अनुभव त्यापुढे अगदी लहान आहे. मागे एका पावसाळ्यात दोन दिवस झड लागली. संध्याकाळी वीज गेली, रात्री दहाच्या सुमारास मोबाइल गेले. अम्मींच्या आतेभावाचं घर नदीकडेला, त्यांना डायलिसिससाठी दुसऱ्या दिवशी नागपूरला न्यायचं होतं. ते निघाले की नाही, पाण्यात अडकले की काय, काही कळेना. आम्ही सेट बॅटरीवर लावला. रात्री फोर्टी मीटर मोठी चमत्कारिक असते. आकाशात उंचावर एक थर आहे, त्याला आपटून लहर परत जमिनीवर येते. दिवसा ती जवळ, शे-दोनशे किलोमीटरवर उतरते. रात्री तो थर विरळ होतो आणि लहर जवळच्यांना ओलांडून हजार किलोमीटरवर जाते. त्या रात्री आम्हाला कोची स्पष्ट ऐकू येत होतं आणि नागपूरचा पत्ता नव्हता. अम्मी तसबीह घेऊन सेटजवळच बसून राहिल्या. फजरच्या नमाजनंतर उजाडलं, ऊन आलं नाही तरी लहर हळूहळू जवळ येऊ लागली. आठच्या सुमारास सरांचा आवाज आला. आम्ही निरोप दिला: कोण, कुठे राहतात, कुठल्या वेळेला कुठे पोचायचं होतं. सरांनी नागपुरातल्या आमच्या नातेवाइकांना फोन केला. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. मामू आदल्या दुपारीच निघून नागपुरात पोचले होते आणि उपचार वेळेवर होणार होता. अम्मींनी सेटकडे बघून म्हटलं, "एक्याण्णवला हे असतं तर." त्यानंतर खर्चाची गोष्ट घरात निघाली नाही. भाऊजींनी पुढच्या ईदला येताना आम्हाला एक चांगली बॅटरी आणून दिली.

आता ज्यांना या वाटेने यायचं नाही, त्यांच्यासाठीही काही सांगतो. तवक्कल करायचा, पण आधी उंट बांधून, हे आपल्याला घराघरांत शिकवलेलं आहे. उंट बांधण्यासाठी परवाना लागत नाही. आम्ही आमच्या गल्लीपुरती एक वही केली आहे. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाच्या घरी गरोदर सून आहे, कोणाकडे ट्रॅक्टर आहे. रेशन कार्ड, सातबारा, दवाखान्याची कागदं प्लास्टिकच्या एका पिशवीत, दारामागे. जिल्ह्याबाहेरच्या एका नातेवाइकाचा नंबर सगळ्यांना तोंडपाठ, कारण संकटात गावातल्या गावात फोन लागला नाही तरी बाहेर लागतो, आणि घरातले सगळे त्या एकालाच खबर देतात. मशिदीच्या आणि मंदिराच्या भोंग्यांसाठी एक चार्ज केलेली बॅटरी नेहमी तयार. इशारा आला तर दोन्हीकडून एकच निरोप द्यायचा, वेगवेगळा नाही, हे दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून ठरवलं आहे.

निरोप कसा द्यायचा हेही शिकण्यासारखं आहे. घाबरलेला माणूस गोष्ट सांगू लागतो. हौशी रेडिओवर सवय लावतात ती चार प्रश्नांची: कोण, कुठे, काय हवं, किती माणसांसाठी. ऐकणाऱ्याने तो शब्दशः परत वाचून दाखवायचा. ऐकीव गोष्ट पुढे पाठवायची नाही. मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ जे येतं ते न पडताळता पुढे ढकलण्याची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे, त्यावर हा चांगला उतारा आहे, असं आम्हाला वाटतं. दुसऱ्याचा निरोप ही अमानत आहे. त्यात आपला एक शब्दही मिसळायचा नाही.

आमची धाकटी आता चौदा वर्षांची आहे. तिला हे सगळं आमच्यापेक्षा लवकर येतं. अँटेनाची लांबी ती तोंडी काढते आणि शाळेच्या वाटेवर दुकानांच्या पाट्या अल्फा-ब्राव्हो-चार्लीमध्ये वाचत जाते. तिने परीक्षेला बसायचं म्हटलं तेव्हा घरात पुन्हा थोडी कुजबुज झाली. मुलीच्या जातीने अनोळखी लोकांशी कशाला बोलायचं, असं एका वडीलधाऱ्या बाईंचं म्हणणं पडलं. त्यांना उत्तर अम्मींनीच दिलं. त्या म्हणाल्या, "सगळं जग ऐकतं, आईबाप शेजारी बसलेले असतात. याहून उघडं बोलणं दुसरं कोणतं?" फॉर्म गेला आहे. नागपूरच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनच्या परीक्षेची तारीख आली की तिला घेऊन जाऊ.

ती पास झाली आणि परवाना वेळेत आला, तर तिने एक गोष्ट ठरवली आहे. १६ ऑगस्टला गावात हुतात्म्यांना मानवंदना होते. त्या सकाळी, इंशाअल्लाह, ती आपली पहिली हाक फोर्टी मीटरवर देणार आहे आणि उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे की ती कुठून बोलते आहे. अल्फा, सिएरा, हॉटेल, टँगो, इंडिया. तुमच्यापैकी कोणाकडे सेट असेल तर त्या दिवशी सकाळी आठनंतर जरूर ऐका.